संगणकातल्या फायलींचा आपोआप बॅकअप: पद्धत कशी निवडायची?

प्रश्न थोडक्यात असा: विंडोजचा लॅपटॉप आहे, त्यात साधारण ४०० जीबी डेटा आहे. फोटो, कामाची कागदपत्रं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी. आजवर आठवण झाली की एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावायची आणि फोल्डर उचलून तिच्यावर टाकायचे, असं चाललं होतं. आता हे आपोआप व्हायला हवंय. त्यासाठी क्लाउड ड्राइव्ह पुरेल, विंडोजमध्ये आधीपासून आहे ते वापरावं, की वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन व्यवस्था चालू ठेवा. पहिली, लॅपटॉप टेबलावर असताना दर तासाला एक्स्टर्नल डिस्कवर जाणारा बॅकअप. दुसरी, इंटरनेटवरून मागच्या मागे चालणारी, खास बॅकअपसाठीच असलेली सेवा, जी फायलींच्या जुन्या आवृत्त्या किमान वर्षभर ठेवते. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर दुसरी घ्या. सिंक होणारा, म्हणजे लॅपटॉपवरचा बदल लगेच ऑनलाइनही करणारा, क्लाउड ड्राइव्ह जरूर वापरा, पण त्याला बॅकअप म्हणून मोजू नका. सॉफ्टवेअर कोणत्या नावाचं, हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो आणि तो तुलनेनं सोपा आहे.

कोणतीही पद्धत समोर आली की मी तिच्याबद्दल एकच गोष्ट तपासतो: ज्या कारणानं मूळ फाईल जाईल, त्याच कारणानं प्रतही जाईल का? फायली जाण्याची कारणं ठरलेली आहेत. लॅपटॉप चोरीला जातो. ड्राइव्ह एका सकाळी ओळखू येणंच बंद होतं. चुकून फोल्डर डिलीट होतो, किंवा चांगल्या फाईलवर भलताच मजकूर सेव्ह होतो. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरतं. घरात आग लागते, पाणी शिरतं. ऑनलाइन खात्याचा ताबा दुसऱ्या कुणाकडे जातो. आपली पद्धत या प्रत्येक प्रसंगात कुठे उभी राहते आणि कुठे मूळ फाईलबरोबरच आडवी होते, हे पाहिलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

डिलीट झालेलं रिकव्हरी सॉफ्टवेअरनं परत काढू, या भरवशावर तर आता अजिबात राहू नका. जुन्या हार्ड डिस्कवरून ते बऱ्याचदा जमायचं. आजच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह) असते आणि तिच्यात ट्रिम नावाची सोय असते. फाईल डिलीट झाली की ऑपरेटिंग सिस्टिम ती जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवते आणि ड्राइव्ह ती आतून साफ करून टाकतो. त्यानंतर परत काढायला तिथे काही उरत नाही.

आता सिंकबद्दल, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचं काम सगळीकडे एकच ताजी स्थिती ठेवणं हे आहे. तुम्ही लॅपटॉपवर फोल्डर उडवला की ते क्लाउडमधूनही तो उडवतात. त्यांचं काम तेच आहे आणि ते चोख करतात. लॅपटॉप चोरीला गेला तर सिंक तुम्हाला वाचवतं. चूक तुमच्या हातून झाली तर ती चूकही ते तितक्याच तत्परतेनं सगळीकडे पोचवतं. त्यावर उतारा म्हणून ट्रॅश आणि जुन्या आवृत्त्या असतात, पण त्यांना मुदत असते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाईल ३० दिवसांनी कायमची जाते. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही रिसायकल बिनची मुदत ३० दिवसांची आहे आणि एका फाईलच्या शेवटच्या २५ आवृत्त्या मिळतात. ड्रॉपबॉक्सच्या साध्या योजनांमध्ये मुदत ३० दिवसच आहे.

३० दिवस पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात नुकसान लगेच लक्षात येतंच असं नाही. एका संशोधक बाईंच्या प्रबंधाची फाईल माझ्यासमोर आली होती. एका चर्चासत्रासाठी त्यांनी एक प्रकरण कापून छोटं केलं होतं आणि वेगळ्या नावानं सेव्ह करण्याऐवजी त्याच नावानं सेव्ह केलं होतं. हे लक्षात आलं तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. फाईल डिलीट झालेली नव्हती, त्यामुळे ट्रॅशचा उपयोग नव्हता. मधल्या काळात त्याच फाईलवर काम चालू राहिल्यानं क्लाउडच्या यादीत कापलेल्या मजकुराच्याच आवृत्त्या उरल्या होत्या. सुदैवानं एका जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर विंडोजची फाईल हिस्टरी (बदललेल्या फायलींच्या प्रती आपोआप ठेवणारी सोय) चालू होती. तिथे त्या फाईलच्या तारीखवार आवृत्त्या उघडल्या आणि आकाराचा रकाना पाहत मागे गेलो. एका ठिकाणी आकार एकदम दहापट झाला. कापण्याआधीची शेवटची पूर्ण प्रत ती होती. अशा वेळी फाईलची प्रत आहे का, यापेक्षा किती मागे जाता येतं हे महत्त्वाचं ठरतं. कोणतीही सेवा घेताना मी जागा किती मिळते हे नंतर पाहतो. आवृत्त्या किती दिवस ठेवतात हे आधी.

हाच निकष घरगुती स्क्रिप्टांनाही (स्वतः लिहिलेल्या छोट्या आज्ञावल्यांना) लावा. बरेच जाणकार रोबोकॉपी किंवा आरसिंक ही कॉपी करणारी साधनं वापरून रोज एक फोल्डर डिस्कवर उतरवतात आणि मिरर पर्याय चालू ठेवतात. मिरर म्हणजे मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही काढून टाकणं. रात्री फोल्डर चुकून गेला आणि पहाटे स्क्रिप्ट चालली, की प्रतही गेली. रेडचंही (दोन डिस्क जोडून एकसारख्या ठेवण्याची रचना) तसंच. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिलं जातं, त्यामुळे एक डिस्क मेली तर काम थांबत नाही. पण डिलीटही दोन्हीकडे एकाच वेळी होतं. आणि त्याच ड्राइव्हवर दुसरं पार्टिशन करून तिथे 'बॅकअप' नावाचा फोल्डर ठेवणं ही तर निव्वळ फसवणूक आहे, कारण ड्राइव्ह गेला की दोन्ही जातात.

रॅन्समवेअरचा विचार वेगळा करायला हवा, कारण ते बॅकअप शोधून मारतं. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरच्या लाटेनं हे जगभर दिसलं. अशी सॉफ्टवेअर विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोजनं स्वतःच ठेवलेल्या जुन्या प्रती) आधी पुसतात आणि मग जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवर जिथे लिहिता येईल तिथे फायली कुलूपबंद करतात. म्हणून कायम जोडून ठेवलेली डिस्क ही सोयीची असली तरी या एका कारणापुढे उघडी असते. तिच्या जोडीला अशी एक प्रत लागते जिच्यापर्यंत लॅपटॉपवरून थेट हात पोचत नाही: काढून कपाटात ठेवलेली डिस्क, किंवा अशी ऑनलाइन सेवा जिच्या जुन्या आवृत्त्या लॅपटॉपवरून पुसता येत नाहीत.

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम याच विचारातून आलेला आहे: एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. लोक शेवटचा १ सोडून देतात. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, अशा काही ग्राहकांचं दोन्ही गेलं. डेटा सेंटरमध्ये हे होऊ शकतं, तर लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच बॅगेत घेऊन फिरणाऱ्यानं दुसऱ्या जागेचा विचार करायलाच हवा.

आता साधनं. विंडोजमधली फाईल हिस्टरी मला अजूनही पहिल्या थरासाठी, म्हणजे डिस्कवरच्या बॅकअपसाठी, चांगली वाटते. ती विंडोज ८ पासून आहे, ठरवून न दिल्यास दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत घेते आणि जुन्या आवृत्त्या कायम ठेवते. विंडोज ११ मध्ये ती सेटिंग्जमध्ये दिसत नाही, कंट्रोल पॅनेलमध्ये शोधावी लागते. तिच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक फोल्डरांचाच बॅकअप घेते. डी ड्राइव्हवरचा तुमचा फोल्डर हवा असेल तर तो आधी एखाद्या लायब्ररीत (विंडोजमधल्या फोल्डरांच्या गटात) जोडावा लागतो. दुसरं म्हणजे, फाईल जराशी बदलली तरी ती अख्खी पुन्हा कॉपी करते. आउटलुकची, सगळे ईमेल साठवणारी, १० जीबीची पीएसटी फाईल असेल, तर दिवसभरात डिस्कची काय गत होईल पाहा. विंडोज ११ मधलं 'विंडोज बॅकअप' नावाचं ॲप वेगळं आहे. ते फोल्डर वनड्राइव्हवर नेतं, म्हणजे फायलींच्या बाबतीत ते सिंकच आहे, आणि फुकट जागा फक्त ५ जीबी मिळते. ४०० जीबीसमोर ती काहीच नाही.

मॅक वापरणाऱ्यांना टाइम मशीनपेक्षा दुसरं काही शोधायची गरज पहिल्या थरासाठी पडत नाही. २००७ पासून ते सिस्टिममध्येच आहे. मागच्या २४ तासांच्या ताशी प्रती, महिनाभराच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या, असा हिशेब ते स्वतः ठेवतं आणि डिस्क भरली की सर्वांत जुनी प्रत काढतं. एकाहून जास्त डिस्क दिल्या तर आळीपाळीनं वापरतं, ही सोय फार कमी लोकांना ठाऊक असते. लिनक्सवर देजा दुप हे बॅकअपचं सॉफ्टवेअर सोपं आहे. टाइमशिफ्ट मात्र सिस्टिमसाठी आहे, वैयक्तिक फायलींसाठी नाही. यात खूप जण फसतात.

मोठ्या, सतत बदलणाऱ्या फायली असतील तर रेस्टिक, बोर्ग किंवा कोपिया या मुक्त सॉफ्टवेअरांकडे वळा. ती फाईलचे तुकडे पाडतात आणि आधी साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाहीत. १० जीबीच्या फाईलमध्ये थोडाच भाग बदलला असेल तर साधारण तेवढीच भर पडते. त्यामुळे वर्षभराच्या आवृत्त्या मर्यादित जागेत बसतात. रेस्टिक आणि कोपिया तर एन्क्रिप्शनशिवाय, म्हणजे पासवर्डखेरीज वाचता येणार नाही असं रूप दिल्याशिवाय, काही साठवतच नाहीत. रेस्टिक आणि बोर्ग कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालतात. खिडक्या-बटणं हवी असतील त्यांनी कोपिया घ्यावं. कमांड लाइनची सवय नसलेल्या माणसाला मी रेस्टिक सुचवत नाही. साधन कितीही उत्तम असलं तरी अडचणीच्या दिवशी ते तुमच्या हाताला वळलं पाहिजे.

ऑनलाइन सेवांमध्ये काय तपासायचं? आवृत्त्यांची मुदत, हे वर आलंच. मग हे पाहा की ती सेवा 'हे हे फोल्डर घ्या' अशी यादी मागते की 'हे सोडून सगळं' घेते. दुसरा प्रकार नेहमी निवडा. हिशेबाची सॉफ्टवेअर आपला डेटा अनेकदा डॉक्युमेंट्सच्या बाहेर, थेट सी ड्राइव्हवरच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवतात. यादी करताना तो फोल्डर कुणालाच आठवत नाही. एक्स्टर्नल डिस्कवरच्या फायली ती सेवा घेते का आणि डिस्क बरेच दिवस जोडली नाही तर त्या प्रती काढून टाकते का, हेही विचारा. काही सेवा काढतात. शिवाय कोणतीही कंपनी कायमची नसते. क्रॅशप्लॅन या ऑनलाइन बॅकअप सेवेनं ऑगस्ट २०१७ मध्ये घरगुती ग्राहकांची सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत सगळ्यांना दुसरीकडे जावं लागलं. घरातली डिस्क चालू असेल तर असा बदल निवांत करता येतो.

अपलोडचा हिशेब आधीच मांडून ठेवा, म्हणजे पहिल्या आठवड्यात धीर सुटणार नाही. ४०० जीबी १० एमबीपीएसच्या अपलोड वेगानं चढवायला अखंड ८९ तास लागतात, म्हणजे जवळपास पावणेचार दिवस. जाहिरातीत असतो तो बहुधा डाउनलोडचा वेग. अपलोडचा वेगळा आणि अनेकदा कमी असतो. पहिली खेप झाली की पुढे रोजचा बदल तेवढाच जातो आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही.

एक छुपा खड्डा सांगायलाच हवा. वनड्राइव्हमध्ये फायली 'मागणीनुसार' ठेवायची सोय चालू असते. फाईल एक्स्प्लोररमध्ये नावं दिसतात, शेजारी ढगाचं चिन्ह असतं, पण मजकूर लॅपटॉपवर नसतो. बॅकअप सॉफ्टवेअर बहुतेक वेळा अशा फायली वगळतं. मॅकवर आयक्लाउडची जागा वाचवण्याची सोय चालू असेल तर हाच प्रकार होतो. तुम्हाला वाटतं सगळं डिस्कवर गेलं, आणि प्रत्यक्षात पाच वर्षांचे फोटो फक्त त्या एका ऑनलाइन खात्यात असतात. ज्या फोल्डरांचा बॅकअप हवा ते 'या उपकरणावर कायम ठेवा' असे करा, लॅपटॉपवर तेवढी जागा असली पाहिजे.

'आपोआप' या बाबतीत लॅपटॉप विशेष त्रास देतात. पहाटे दोनची वेळ लावली आणि झाकण बंद असलं, तर बॅकअप कधीच होत नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये नवं काम लावलं की 'संगणक चार्जरवर असेल तरच सुरू करा' ही खूण आधीपासून केलेली असते, आणि 'वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालवा' ही खूण केलेली नसते. दोन्ही उलट करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करत असाल तर विंडोज ती जोडणी मर्यादित डेटाची (मीटर्ड) आहे असं धरू शकतं आणि काही सॉफ्टवेअर तेवढ्या काळापुरती गप्प बसतात. ठरावीक वेळेपेक्षा 'संगणक चालू असताना दर तासाला' हे लॅपटॉपसाठी नेहमीच जास्त भरवशाचं.

आणि बॅकअप गुपचूप बंद पडतो, ही माझ्या मते या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. डिस्क भरते, पासवर्ड बदलला जातो, परवाना संपतो, अपडेटनंतर सेवा सुरूच होत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. शोध घेतला तर रोजचा बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचे ईमेल समोरच्या सर्व्हरनं नाकारल्यामुळे कुणापर्यंत पोचलेच नव्हते. योगायोगानं सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, म्हणून सुमारे सहा तासांच्या नोंदींवर भागलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. तज्ज्ञांच्या पथकाकडे हे होऊ शकतं, तर घरात नक्कीच होईल. म्हणून अशी पद्धत निवडा जी अपयश तुमच्या डोळ्यांसमोर आणते: अमुक दिवस बॅकअप झाला नाही असा ईमेल पाठवते किंवा स्क्रीनवर ठळक दाखवते. त्यावरही पूर्ण विसंबू नका. महिन्यातून एकदा काल तयार केलेली एखादी फाईल बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरात परत आणा आणि उघडून पाहा. ती उघडली म्हणजे साखळी कालपर्यंत तरी शाबूत आहे.

एन्क्रिप्शन चालू ठेवा, विशेषतः घराबाहेर जाणाऱ्या प्रतीवर. पण चावी कुठे आहे ते पाहा. बॅकअपचा पासवर्ड फक्त लॅपटॉपवरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असेल तर लॅपटॉपबरोबर बॅकअपही गेला. खासगी चावीचा, म्हणजे चावी फक्त तुमच्याकडे राहण्याचा, पर्याय घेतला असेल तर सेवा देणारी कंपनीही ती परत देऊ शकत नाही. पासवर्ड आणि बिटलॉकरची (विंडोजमधल्या ड्राइव्ह एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा, आणि कुटुंबातल्या एका माणसाला ते कुठे आहे हे माहीत असू द्या. एकदा तरी दुसऱ्या कुणाच्या संगणकावरून, तुमचा लॅपटॉप बंद ठेवून, चार फोटो परत आणून बघा. अशा सरावात खात्याला लागणारा ओटीपी कोणत्या नंबरवर येतो इथपासून सगळं कळतं.

अख्ख्या सिस्टिमची इमेज, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमसकट संपूर्ण ड्राइव्हची प्रत, घ्यावी का? घेतलीत तर वेळ वाचेल, पण विंडोज आणि प्रोग्रॅम पुन्हा टाकता येतात. फायलींची व्यवस्था लागल्यावर मग तिच्या मागे लागा.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. डेटाच्या किमान दुप्पट क्षमतेची, म्हणजे १ टीबीची नवी एक्स्टर्नल डिस्क घ्या आणि तिच्यावर फाईल हिस्टरी आजच सुरू करा. हिशेबाचा फोल्डर लायब्ररीत जोडायला विसरू नका. पेन ड्राइव्ह या कामासाठी वापरू नका. त्याच रात्रीपासून ऑनलाइन बॅकअपचं अपलोड लावा आणि ते पूर्ण होईपर्यंत लॅपटॉप चार्जरवर ठेवा, त्याला स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. हातानं कॉपी केलेली जुनी डिस्क पुसून तीच वापरायचा मोह होईल, तो टाळा. नव्या दोन्ही ठिकाणांहून काही फोटो, एक जुनं कागदपत्र आणि हिशेबाचा डेटा परत आणून, तो त्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतोय हे पाहा. मग जुन्या डिस्कवर ताजी पूर्ण प्रत टाकून ती नातेवाइकांकडे किंवा ऑफिसच्या कपाटात ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी टेबलावरच्या डिस्कशी तिची अदलाबदल करत जा. फाईल हिस्टरीत त्या वेळी नवी डिस्क निवडून द्यावी लागते. तेवढं एक काम हातानं करायचं उरतं.